कुंपणच शेत खातं तेव्हा

पानफुटीचं एक पान तोडून कोरड्या फळीवर ठेवून द्या. माती नको, पाणी नको. काही दिवसांत पानाच्या कडेला जिथे जिथे खाच आहे तिथे तिथे टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके दिसू लागतात. मग त्यांना दोन-दोन चिमुकली पानं आणि केसासारखी पांढरी मुळं फुटतात. मूळ पान सुरकुतत जातं, पण अंगातलं सगळं पाणी पिलांना देऊन झाल्याशिवाय ते काही मरत नाही. लहानपणी मी हे तासन्‌तास कौतुकाने बघायचो. आता बघताना जरा धास्तीही वाटते. एका पानापासून डझनभर रोपं हे गणित कुंडीत गोड वाटतं, तेच हजार एकर कुरणात मांडलं तर?

ते मांडून झालेलं आहे. या पानफुटीची एक मादागास्करमधली बहीण आहे. तिची पानं पेन्सिलीसारखी गोल, आणि पिलं फुटतात ती पानाच्या टोकाला, झुबक्याने. शोभेचं झाड म्हणून ती ऑस्ट्रेलियात गेली, बागेच्या कुंपणाबाहेर फेकलेल्या कचऱ्यातून रानात शिरली आणि क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्समध्ये एकरच्या एकर पसरली. तिच्या फुलापानांत हृदयाची गती बिघडवणारं विष असतं. १९९७ साली न्यू साउथ वेल्समधल्या मोरी गावाजवळ, गुरं हाकत नेण्यासाठी राखलेल्या वाटेवर, ही वनस्पती खाऊन १२५ गुरं मेली.

कोरड्या प्रदेशात अशा गरदार, पाणी साठवून ठेवणाऱ्या परक्या वनस्पती घुसल्या की काय होतं, आणि त्यांना आवरायला माणसाने आजवर काय काय केलं, हे आज जरा निवांत बघू. त्यात शहाणपणाचे प्रसंग आहेत तसेच फजितीचेही. काही वेळा दोन्ही एकाच प्रसंगात आहेत.

आधी एका शब्दाचा गोंधळ मिटवला पाहिजे. काटेरी, जाडजूड आणि पाण्यावाचून तगणारं जे जे दिसेल त्याला मराठीत आपण सरसकट निवडुंग म्हणतो. पण फड्या निवडुंग आणि तीनधारी निवडुंग यांचं एकमेकांशी काही नातं नाही. तीनधारी निवडुंग मोडला की पांढरा चीक भळभळतो. तो आणि आपला शेर एका घरातले, म्हणजे युफोर्बिया. फड्या मोडला तर चीक येत नाही, येतो तो भेंडीसारखा बुळबुळीत रस. हा खरा कॅक्टस. दोघं दिसायला सारखे झाले ते एकाच प्रकारच्या उन्हातान्हात राहून. हा फरक पुढे कामाला येणार आहे, कारण फड्याचा फडशा पाडणारा किडा शेराकडे ढुंकूनही बघत नाही.

कॅक्टस कुळाचं माहेर अमेरिका खंड. एक अपवाद सोडला तर हे सगळं कुळ मूळचं तिकडचंच. सुमारे १,९०० जातींपैकी जगात कुठे ना कुठे आक्रमक ठरलेल्या जाती ५७ च्या आसपास भरतात. म्हणजे बहुतेक निवडुंग बिचारे निरुपद्रवी आहेत. उपद्रवी जातींचा सर्वाधिक जाच दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि स्पेन यांना आहे. पण संख्या कमी आहे म्हणून निश्चिंत व्हायला नको. ऑस्ट्रेलियाची अर्धी कथा एकट्या एका जातीने लिहिली.

रात्रीचा श्वास

या वनस्पतींचं बळ कशात आहे? पहिलं, त्यांच्या श्वासात.

हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पानावरची बारीक छिद्रं उघडावी लागतात. छिद्र उघडलं की आतली ओल बाहेर पळते. बहुतेक झाडं हा व्यवहार दिवसाउजेडी करतात, कारण अन्न तयार करायला ऊन लागतं. वाळवंटात असं करणं म्हणजे भर उन्हात पाण्याचं भांडं उघडं टाकणं. निवडुंग आणि पानफुटी यांनी यावर तोडगा काढला आहे. ते छिद्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन त्याचं आम्ल बनवून पेशींत साठवतात आणि सकाळी दारं बंद करून घेतात. दिवसभर बंद दाराआड ते आम्ल मोडायचं, त्यातून निघालेला वायू वापरायचा आणि उन्हावर अन्न शिजवायचं. या पद्धतीला ‘कॅम’ म्हणतात.

याचा सुगावा आधी लागला तो जिभेला. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात होता. त्याने १८१३ साली पत्र लिहून कळवलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट चुक्याइतकं आंबट लागतं, दुपारी त्याला काही चव उरत नाही आणि संध्याकाळकडे ते किंचित कडवट होतं. रात्री साठलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, एवढंच त्या चवीचं रहस्य. यंत्र नाही, रसायन नाही, एका माणसाने तीन वेळा पान चावून बघितलं. (तुम्ही मात्र बघू नका. या कुळातल्या बऱ्याच झाडांत ते हृदयाचं विष थोडंफार असतंच.)

दुसरं बळ मुळांचं. पाणी शोधत खोल जाण्यापेक्षा फड्याची मुळं वरच्या थरात लांबवर पसरतात. दहा मिनिटांची सर आली तरी गवताचं मूळ जागं होण्याआधी ती पाणी उचलतात आणि फड्यात भरून ठेवतात. पुढे महिनोन्‌महिने पाऊस नसला तरी फिकीर नाही. गवत वाळतं, गुरं उरलंसुरलं चरून जमीन उघडी करतात, आणि त्या मोकळ्या जागेत निवडुंगाला आयतं रान मिळतं. म्हणून जिथे चराई बेसुमार, तिथे निवडुंग जोरात. पुष्कळदा निवडुंग आला म्हणून कुरण बिघडलं असं सांगितलं जातं. कुरण आधी बिघडलेलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

तिसरं बळ सगळ्यांत अवघड: यांचा प्रत्येक तुकडा म्हणजे अख्खं झाड. फडा तुटून पडला की जिथे पडेल तिथे मूळ धरतो. कोयता घेऊन फड्या निवडुंगाचं बेट तोडणारा माणूस खरं तर लावणी करत असतो. ट्रॅक्टर फिरवला तर मोठी लावणी. शिवाय बोंडं आहेतच. पक्षी, माकडं, हत्ती ती आवडीने खातात आणि बी खतासकट दूर नेऊन टाकतात. काही जातींनी तर वाहनाचीही सोय करून घेतली आहे. ऑस्ट्रेलियात ओपल रत्नांसाठी प्रसिद्ध असलेल्या लायटनिंग रिजच्या आसपास ‘हडसन पेअर’ नावाचा निवडुंग माजला आहे. त्याच्या काट्यांना गळासारखे उलटे दात असतात. कांडी जनावराच्या अंगाला, बुटाला, टायरला रुतते, सहज निसटते आणि काही मैल प्रवास करून उतरते. हा काटा बुटाचा तळवाही सोडत नाही.

फड्याचा मोठा काटा तसा सभ्य. टोचला की कळतं, उपटता येतो. त्रास असतो तो काट्याच्या बुडाशी असलेल्या बारीक कुसळांचा. ती दिसत नाहीत, नुसत्या स्पर्शाने सुटतात आणि झुबक्याने कातडीत शिरतात. मी एकदा चामड्याचे हातमोजे घालून फडा उचलला होता. कुसळं मोज्यातून आरपार आली आणि पुढचे चार दिवस शर्टाचं बटण लावताना त्यांनी आठवण करून दिली. शेळ्यामेंढ्या बोंडांच्या मोहाने तोंड घालतात तेव्हा ही कुसळं त्यांच्या ओठांत, जिभेत, हिरड्यांत, कधी डोळ्यांत जातात. तोंड सुजलं की चरणं थांबतं. केनियातल्या लाइकिपिया भागातल्या पशुपालकांची मुख्य तक्रार हीच आहे.

कुणी आणलं यांना?

माणसाने, आणि बहुतेक वेळा मोठ्या हौसेने. कुणी बागेसाठी आणलं, कुणी फळासाठी, कुणी दुष्काळातल्या चाऱ्यासाठी. कॅलिफोर्नियात रेल्वे आणि रस्त्यांच्या कडेची वाळू धरून ठेवायला दक्षिण आफ्रिकेतली जाड पानांची एक वेल मैलोन्‌मैल लावली. ती आता किनाऱ्यावरच्या मूळ झाडांचा गळा आवळते आहे. आणि जगभर निवडुंग नेण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे कुंपण. फुकटात मिळतं, पाणी मागत नाही, जनावर आत शिरत नाही. लाइकिपियात ते वसाहतकाळात कुंपण म्हणूनच आलं. ‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण आपण राखणदाराच्या लबाडीबद्दल वापरतो. इथे ती शब्दशः घडली.

एक कारण मात्र भलतंच आहे: लाल रंग. काही फड्या निवडुंगांवर कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. एक ठिपका बोटांत चिरडला तर बोटं रक्तासारखी लाल होतात. त्या पांढऱ्या मेणाखाली कोचिनील नावाचा किडा असतो. त्याची मादी एकदा फड्यात सोंड खुपसून बसली की जन्मभर हलत नाही. हा रंग किरमिजी, आणि किरमिजी हा शब्दही किड्यावरूनच आला, जरी तो किडा युरोप-आशियातला, ओकच्या झाडावरचा, वेगळा होता. मेक्सिकोतल्या कोचिनीलच्या रंगावर स्पेनची मक्तेदारी होती आणि बाकीच्या युरोपीय सत्तांचा त्यावर डोळा होता. म्हणून १७८८ साली ऑस्ट्रेलियात वसाहत करायला पोचलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्याने वाटेत ब्राझीलमधून किड्यांसकट निवडुंग घेतला. सैनिकांच्या लाल डगल्यांना रंग हवा होता. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही.

अडीच कोटी हेक्टरचा काटा

ऑस्ट्रेलियाला पुढे ज्याने छळलं तो निवडुंग वेगळा, नंतर, एकोणिसाव्या शतकात आलेला. लोकांनी हौसेने एकमेकांना फडे दिले, घराभोवती कुंपणं लावली. शतक संपेपर्यंत तो लाखो हेक्टरवर गेला होता. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये मिळून सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन त्याने व्यापली. त्यातली निम्म्याच्या आसपास जमीन इतकी दाट भरलेली की माणूस किंवा जनावर आत शिरू शकत नव्हतं. शेतकरी घरं सोडून गेले, मागे दारापर्यंत निवडुंग आला.

उपाय काय कमी केले? तोडला, जाळला, रोलरखाली चिरडला. क्वीन्सलँड सरकारने १९०१ साली रामबाण उपाय सांगणाऱ्याला ५,००० पौंडांचं बक्षीस लावलं, १९०७ मध्ये ते दुप्पट केलं. ते कुणालाच मिळालं नाही. आर्सेनिक आणि गंधकाम्ल यांचं जहाल मिश्रण फवारलं गेलं. बी पसरवतात म्हणून इमू आणि कावळे मारणाऱ्यांना इनाम दिलं. विषाचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ लागला आणि निवडुंग पुढे सरकतच राहिला.

तेव्हा काही जणांनी वेगळा प्रश्न विचारला. हाच निवडुंग अमेरिकेतही आहे, तिथे तो देश का गिळत नाही? कारण तिथे त्याला खाणारे आहेत. बुरशा आहेत, किडे आहेत, अळ्या आहेत, त्या त्याला डोकं वर काढू देत नाहीत. परदेशी आला तेव्हा तो एकटा आला, वैरी मायदेशी राहिले. मग वैऱ्यालाच बोलावून आणलं तर? १९१२ ते १९१४ या काळात दोन शास्त्रज्ञांनी याच शोधात जगप्रवास केला, भारत आणि श्रीलंकेतही ते येऊन गेले. अर्जेंटिनात त्यांना एका पतंगाच्या अळ्या सापडल्या, पण आणलेल्या अळ्या जगल्या नाहीत. १९२५ साली कीटकशास्त्रज्ञ ॲलन डॉड यांनी अर्जेंटिनातून त्याच पतंगाची सुमारे ३,००० अंडी पुन्हा पाठवली. या खेपेला ती तगली.

पतंगाचं नाव कॅक्टोब्लास्टिस. करडा, बोटाच्या पेराएवढा, बघून कुणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही असा. पूर्ण वाढलेला पतंग काही खात नाही, जेमतेम आठवडा-दीड आठवडा जगतो. मादी अंडी घालते ती एकावर एक रचून, सत्तर-ऐंशी-नव्वद अंड्यांची एक बारीक वाकडी काडी करून. ही काडी फड्याला चिकटलेली असते आणि दिसते हुबेहूब काट्यासारखी. काट्याने काटा काढणं इतकं अक्षरशः दुसरीकडे कुठे पाहायला मिळेल असं वाटत नाही.

अंड्यांतून निघालेल्या अळ्या सगळ्या मिळून एकाच जागी फड्याची साल कुरतडतात. एकटीदुकटी अळी त्या जाड मेणचट सालीपुढे आणि बुळबुळीत रसापुढे टिकत नाही, जमावाने मात्र भोक पडतं. आत शिरल्या की बाहेर यायचं नाव नाही. आतला गर खाऊन फडा पोकळ करायचा, मग शेजारच्या फड्यात. नारिंगी अंगावर काळे ठिपके असलेल्या या अळ्या उजेडात धरलेल्या फड्यातून सावल्यांसारख्या हलताना दिसतात. रिकामा फडा पिशवीसारखा लोंबतो, त्यात कुज शिरते आणि सगळं बेट दुर्गंधी सोडत खाली बसतं.

१९२६ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत २ अब्जांहून अधिक अंडी वाटली गेली. अंड्यांच्या काड्या कागदावर चिकटवायच्या, कागद फड्यांना टोचायचे, एवढंच काम, पण त्यासाठी माणसांची अख्खी फौज राबली. मग अळ्यांनी इतकं खाल्लं की खायला काही उरलं नाही आणि त्या उपाशी मेल्या. जमिनीत उरलेल्या बुडख्यांतून निवडुंग पुन्हा फुटला. लोक हादरले. पण वाचलेले पतंग पुन्हा वाढले आणि त्यांनी ही नवी फूटही संपवली. तेव्हापासून हा लपंडाव चालूच आहे: इकडे थोडा निवडुंग, तिकडे थोडे पतंग. या पद्धतीत नायनाट अपेक्षितच नसतो. भक्ष्य पूर्ण संपलं तर पहारेकरीही संपेल. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावात शेतकऱ्यांनी १९३६ साली एक सभागृह बांधलं आणि त्याला या पतंगाचं नाव दिलं.

चुकून जमलेलं, मोजून फसलेलं

ऑस्ट्रेलियाची कहाणी सगळे सांगतात. पण किडा सोडून निवडुंग संपवण्याची पहिली घटना त्याआधी सव्वाशे वर्षांची, भारतातली आहे, आणि ती निव्वळ घोटाळ्यातून घडली. १७९५ साली एका जहाजाच्या कप्तानाने ब्राझीलमधून कलकत्त्याला कोचिनील आणला. हेतू तोच, किरमिजी रंग. पण किडा निघाला रानटी जातीचा. त्याचा रंग कमअस्सल आणि भूक अफाट. रंगाचं काही जमलं नाही, मात्र एका जातीचा फड्या निवडुंग जिथे जिथे होता तिथे तिथे तो मरू लागला. मग लोकांना युक्ती सुचली: १८३० च्या दशकात हाच किडा मुद्दाम दक्षिण भारतात नेला गेला, नंतर श्रीलंकेत.

गंमत पुढे आहे. एक जात मेली तरी शेजारची दुसरी जात, तीही फड्याच, तशीच उभी. किडा तिला तोंड लावेना. तिच्यासाठी १९२६ साली दुसऱ्या जातीचा कोचिनील श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणावा लागला आणि त्याने थोड्याच वर्षांत मोठे प्रदेश मोकळे केले. ‘निवडुंगाचा किडा’ असं काही नसतं, अमुक निवडुंगाचा अमुक किडा असतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे.

हे किती बारीक असू शकतं ते दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात दिसलं. तिथे स्कुकुझा वसाहतीतल्या बागेत १९५३ च्या सुमारास एक फड्या निवडुंग शोभेला लावला होता. बबून आणि हत्ती यांनी बोंडं खाल्ली, निवडुंग ६० हजारांहून अधिक हेक्टरवर पोचला. कॅक्टोब्लास्टिस सोडला, तो एकटा पुरा पडला नाही. कोचिनील सोडला, तो नीट रुजलाच नाही. खरं तर किड्याची जात अगदी बरोबर होती. चूक वाणाची होती. तो वाण दुसऱ्या निवडुंगावर वाढलेला होता आणि या निवडुंगावर त्याचं पोट भरेना. १९९७ साली नेमका याच निवडुंगावर पोसलेला वाण आणला तेव्हा चित्र पालटलं. भिंगाखाली दोन्ही वाण सारखेच दिसतात. हाच वाण २०१४ साली लाइकिपियात सोडला गेला. तिथे गावकरी आता छोट्या जाळीघरांत किडलेले फडे टांगून किडा वाढवतात आणि रानातल्या निरोगी बेटांवर नेऊन ठेवतात.

ठेवायला का लागतं? मादी हलत नाही, नराला पंख असतात पण तो खात नाही. पसरायचं काम नवजात पिलांचं. ती फड्याच्या टोकावर चढून बसतात, मेणाचे लांब धागे सोडतात आणि वाऱ्याची वाट पाहतात. वारा नेईल तिथे. मुसळधार पाऊस त्यांना धुऊन टाकतो, म्हणून कोचिनीलचं काम कोरड्या मुलखात, कोरड्या ऋतूत चांगलं होतं. जिथे निवडुंग सर्वांत त्रासदायक तिथेच त्याचा वैरी सर्वांत तगडा. असा योग इतर तणांच्या बाबतीत क्वचितच जुळतो.

आता दुसरी बाजू. किड्याला सरहद्द कळत नाही. कॅक्टोब्लास्टिसच्या यशाने हुरळून १९५७ साली तो कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर सोडला. ऑस्ट्रेलियात मूळचा एकही निवडुंग नाही, तिथे पतंगाने काय खाल्लं तरी ते परकंच. कॅरिबियन हे मात्र निवडुंगांच्या अंगणातलंच. बेटाबेटांवरून पतंग सरकत गेला आणि १९८९ साली फ्लोरिडात सापडला. पुढे मेक्सिको. त्या देशाच्या झेंड्यावर फड्या निवडुंग आहे, रानात त्याच्या कितीतरी जाती आहेत, शेतात तो पीक म्हणून आहे. २००६ साली पतंग मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर दिसला, दुसऱ्या वर्षी शेजारच्या कोंतोय बेटावर. किडलेली झाडं काढली, सापळे लावले, निर्बीज केलेले पतंग सोडून प्रजनन मोडलं आणि २००९ पर्यंत दोन्ही बेटं मोकळी केली. ऑस्ट्रेलियात ज्याच्या नावाने सभागृह आहे, त्यालाच मेक्सिको वेशीवर अडवतो आहे.

मादागास्करची गोष्ट जास्त दुखरी आहे. बेटाच्या कोरड्या दक्षिण टोकाला अंतांद्रुई पशुपालकांनी फड्या निवडुंगाभोवती सगळं जीवन उभं केलं होतं. तोच कुंपण, तोच उन्हाळ्यातला चारा, तोच तहान भागवणारा. फ्रेंच राजवटीत १९२४ साली तिथे कोचिनील सोडला गेला आणि काही वर्षांत निवडुंग नाहीसा झाला. त्यामागोमाग अवर्षण आलं. गुरं मेली, माणसं मेली, उरलेले गाव सोडून गेले. ती वनस्पती मूळची परकीच होती, पण पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर जगलेल्या माणसांना या हिशेबाचा काय उपयोग? अलीकडे, २०१४ पासून, मोरोक्कोत हाच प्रकार वेगळ्या वळणाने घडला. दक्षिण आफ्रिकेत आणि केनियात ज्याची मदत मागतात तोच कोचिनील तिथे आपणहून पोचला आणि लोक ज्या फड्यांच्या बागांवर पोट भरतात त्या बागा त्याने पांढऱ्या केल्या. शेवटी किड्याला दाद न देणारे वाण शोधून लावावे लागले.

किडा नसेल तर

सगळ्यांसाठी किडा सापडलेला नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची ती जाड पानांची वेल हातानेच उपटतात. प्रत्येक पेराला मूळ असल्याने एक पेर राहिलं तरी काम वाया. तिचीच एक नातेवाईक अंगात मीठ साठवते आणि मेल्यावर ते जमिनीत सोडते. झाड काढलं तरी खारावलेल्या मातीत दुसरं काही लवकर उगवत नाही. पानफुटीच्या त्या विषारी बहिणीवर तर एक किडा आगंतुक म्हणूनच आला. २००२ साली क्वीन्सलँडमध्ये दक्षिण आफ्रिकेतला एक फुलकिडा सापडला. तो तिकडे लिंबूवर्गीय फळांचा शत्रू, म्हणून सगळे धास्तावले. पण इथे त्याने फळबागा सोडून या पानफुटीवरच बस्तान मांडलं.

एरवी उरतात जुने मार्ग. मोठ्या झाडाच्या खोडात भोक पाडून तणनाशक टोचायचं. फवारण्यापेक्षा हे बरं, कारण फड्याच्या मेणावरून फवारा घरंगळून खाली गवतावर जातो. लहान झाड मुळासकट खणायचं आणि तुकडे खोल पुरायचे किंवा पूर्ण जाळायचे. वर्षभराने परत येऊन राहिलेले कोंब बघायचे, त्याच्या पुढच्या वर्षीही. बहुतेक मोहिमा पहिल्या वर्षीच्या छायाचित्रांवर थांबतात. उरलेल्या दहा फड्यांना तेवढं पुरतं.

‘एवढा आहे तर खाऊन, वापरून संपवा ना,’ असंही सुचवलं जातं. काटे जाळून चारा करा, बोंडांचा जॅम करा, फड्यांपासून गॅस करा. लाइकिपियात यातलं काही चालूही आहे आणि ज्यांना त्यातून चार पैसे मिळतात त्यांना ते खुशाल मिळोत. नियंत्रण म्हणून मात्र यावर माझा विश्वास नाही. माणूस रस्त्यालगतचे, सोयीचे फडे तोडतो, डोंगरावरचे तसेच राहतात. आणि एकदा धंदा जमला की निवडुंग संपू नये असं वाटणारी माणसं तयार होतात. मग किडा सोडायला विरोध कोण करणार, ते उघड आहे.

राहता राहिली कुंडी. छाटलेले फडे किंवा पानफुटीची पानं ओढ्यात, रस्त्याकडेला किंवा ‘खत होईल’ म्हणून ढिगावर टाकू नका. जाड काळ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि भर उन्हात ठेवा, आत शिजून कुजेपर्यंत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पिशवी सावलीत ठेवली होती. दोन महिन्यांनी उघडली तर बाकी सगळ्याचा चिखल झाला होता, पण एका फड्याला वरच्या कडेला नखाएवढा, पोपटी, कोवळा कोंब आला होता. पिशवी पुन्हा बांधली आणि उन्हात नेऊन ठेवली.